संस्था क

स्कूटरचा साइड स्टँड मोडला. एवढीशी गोष्ट. सकाळी दहाला कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, किल्ली काढली, चार पावलं चाललो असेन, तेवढ्यात मागे दाणकन आवाज झाला. वळून बघतो तर गाडी आडवी, आरसा फुटलेला आणि स्टँड बुडापासून सुटून बाजूला पडलेला. वॉचमन म्हणाला, "सर, वेल्डिंग सुटलंय. दोन मिनिटांचं काम हाय." माझा हात आपोआप खिशात गेला, फोन निघाला, अंगठ्याने 'मामा' हे नाव शोधूनसुद्धा काढलं, आणि अंगठा तिथेच थांबला. माझे गोरक्षमामा आता असली कामं करत नाहीत. राहुरीला रस्त्याकडेच्या शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं हीच कामं केली, दोन वर्षांपूर्वी सोडली, आणि सोडली ती माझ्या सांगण्यावरून. मला हे काही नव्याने कळत नव्हतं. पण तो मोडका तुकडा हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो. मी मॅनेजमेंटचा मास्तर आहे, विद्यार्थ्यांना निर्णयक्षमता शिकवतो, आणि साधा एक फोन लावावा की नाही हे मला पाच मिनिटं ठरवता आलं नाही. शेवटी वॉचमननेच गाडी उचलली आणि भिंतीला टेकवून दिली.

मामांकडे जायचं होतंच, खरं तर त्याच दिवशी जायचं होतं. सोमवारी मेल आली होती. तुमचा निबंध स्वीकारला आहे, मात्र ज्या संस्थेचा अभ्यास केलात तिच्या मालकाची सही आणि संस्थेची सद्यस्थिती हा फॉर्म शुक्रवारी पाचपर्यंत पाठवा. सद्यस्थितीपुढे तीन चौकोन: कार्यरत, विलीन, बंद. चार दिवस मी तो फॉर्म दाबून ठेवला. आज शुक्रवार. निबंध छापून आला नाही तर प्रबंध दाखल होत नाही, प्रबंधाला मिळालेली शेवटची मुदतवाढ या महिन्यात संपते, आणि पीएच.डी. झाली नाही तर जूनपासून कॉलेजात माझी खुर्ची नाही, हे प्राचार्यांनी चहा पाजून, अगदी गोड शब्दांत सांगून झालंय. दिशा, माझी बायको, काल जेवताना म्हणाली, "एक सही आणायला इतके आढेवेढे कशाला घेतोस रे? मामाच आहेत ना तुझे?" मामाच आहेत, हेच तर दुखणं आहे. दुसरा कुणी असता तर मी केव्हाच तोंड वर करून गेलो असतो. दिशाने माझा निबंध वाचलेला नाही. मामांनी तर नाहीच नाही. त्या निबंधात मामांचं नाव कुठे नाही, तिथे त्यांना 'संस्था क' म्हटलंय. आणि निबंधाचं सार असं, की संस्था क नावाची एक विस्कळीत, कुणाला ओळखू न येणारी शेड होती, तिने बाजारातला एक वर्ग निवडला, त्या वर्गाच्या नावाने ती उभी राहिली आणि तिची भरभराट झाली. भरभराट हा शब्द मी दोन वेळा वापरलाय.

माझा विषय तसा सोपा आहे, उगाच मोठ्या शब्दांत सांगायचा म्हणून अवघड वाटतो. बाजार सगळ्या गोष्टींचे कप्पे पाडतो. हे हॉटेल, ही खानावळ, हे गॅरेज, ही फॅक्टरी. तुम्ही एका कप्प्यात नीट बसलात की गिऱ्हाइकाला कळता, बँकेला कळता, कुणाशी तुमची तुलना करायची ते समोरच्याला कळतं. दोन-तीन कप्प्यांत पाय ठेवलात की लोक बिचकतात, तुम्हाला हिशेबातच धरत नाहीत. यावर मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्यं घालवली आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे संस्था हळूहळू आपल्या कप्प्यासारखी होत जाते. तिची माणसं, तिची जागा, तिचं बोलणंसुद्धा. हे सगळं मी पाठ केलं होतं, आकृत्या काढून शिकवतही होतो, आणि गाइड मॅडमनी विचारलं, "आदिनाथ, तुमच्या डोळ्यांसमोर अशी एखादी संस्था आहे का, जी कुठल्याच कप्प्यात बसत नाही?" तेव्हा माझ्या तोंडून क्षणाचाही विचार न करता निघून गेलं, "आहे ना मॅडम, माझे मामा." किती खूश झालो होतो मी! वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा हात वर केला होता मी, जाऊ दे.

मामांच्या शेडला पाटी नव्हती. पत्र्याचं छप्पर, पुढे शहाबादी फरशी, फरशीवर खडूच्या रेघाच रेघा. मामांची पद्धत ठरलेली. माणूस आला की ते त्याला 'काय बनवायचंय' असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "काय अडचन हाय?" आणि मग बाजेवर बसवून ऐकायचे. अडचण ऐकून झाली की तीन प्रश्न. कुनाला वापरायचंय? कुठं ठिवनार? मोडलं तर कोन नीट करनार? मग खडू घेऊन उकिडवे बसायचे आणि गिऱ्हाइकाच्या पायाशीच फरशीवर ती वस्तू काढायचे, अगदी खऱ्या मापाची. माणूस तिच्यावर उभा राहून बघायचा, वाकून बघायचा, "जरा उंच घ्या की" म्हणायचा, मामा पुसून पुन्हा काढायचे. दोघांचं जमलं की काम सुरू. अल्लाबक्ष म्हणून एक शिलाईवाले होते बाजारपेठेत, त्यांचा एक पाय लहानपणीच वाळलेला. त्यांच्या मशीनला मामांनी एका पायाने आणि कोपराने चालवायची अशी काही कांडी बसवून दिली, की माणूस दोन पायवाल्यांपेक्षा जोरात शिवायला लागला. बनुबाई नावाच्या एक म्हाताऱ्याशा बाई, मांजरसुंब्याच्या बाजूच्या, त्यांच्या कमरेत उसण भरायची म्हणून चाऱ्याचा भारा डोक्यावर न घेता ओढत नेता येईल असं एक चाक दिलं. त्या चाकाला नाव काय? काही नाही. लोक म्हणायचे बनुबाईचं. चार गावांतल्या बाया यायच्या आणि म्हणायच्या, "मामा, मलाबी बनुबाईचं करून द्या." शिवणकामवाले यायचे, "अल्लाबक्षचं पाहिजे." मी वहीत काय लिहिलं माहितीये? 'संस्थेकडे उत्पादनांची कसलीही वर्गवारी आढळत नाही.' अहो, समोर ढळढळीत वर्गवारी होती! कुणाच्या अडचणीतून वस्तू जन्मली त्या माणसाचं नाव तिला, आणि पुढचा माणूस आपली अडचण त्या नावाशी ताडून बघणार. एवढी शहाणी वर्गवारी मी पुन्हा कुठल्या पुस्तकात वाचली नाही. पण पुस्तकातल्यासारखी ती दिसत नव्हती, म्हणून मला ती दिसलीच नाही. आंधळा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

त्या वेळी मी महिनाभर दर शनिवारी जायचो, रेकॉर्डर लावून बसायचो. एका शनिवारी मी विचारलं, "मामा, तुम्ही नक्की काय बनवता?" मामा हसले. "लोकान्ला लागंल ते." "तसं नाही मामा, एका वाक्यात सांगा. एखाद्या परक्या माणसाला सांगायचं तर काय सांगाल?" त्यांनी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. बराच वेळ शेडमध्ये नजर फिरवली. आयुष्यात पहिल्यांदाच ती शेड परक्याच्या नजरेने बघताहेत असं मला वाटलं, आणि तेव्हा मला त्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. पुढच्या शनिवारी गेलो तर त्यांनी स्वतःहूनच विषय काढला. "आदिनाथ, मी आठवडाभर इचार केला. मला न्हाई सांगता येत रं. तीस वर्सं झाली, आन् मी काय करतो तेच मला सांगता येईना." त्यांचा आवाज पडलेला होता. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की मामा, सोडा, माझ्या प्रश्नातच खोट आहे. त्याऐवजी मी त्यांना समजावलं. लोकांना तुम्ही कोण ते कळत नाही, म्हणून तुम्ही इतक्या वर्षांत आहात तिथेच राहिलात, असं सांगितलं. बघा, तुम्ही एका वर्षी ती कांदा पेरायची मशीनं चार-पाच केली होती, लोकांनी डोक्यावर घेतली होती, तेच धरा ना. कांदा पेरणी यंत्राचे उत्पादक. केवढं स्वच्छ वाटतं! मामा म्हणाले, "स्वच्छ तर वाटतं." मामी, आमच्या छबूबाई मामी, चहाच्या कपबशा घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आन् बाकीच्या लोकांचं काय?" त्यांच्याकडे आम्हा दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

मोडक्या स्टँडची गाडी घेऊन दुपारी दोनला नगरहून राहुरीकडे निघालो. मनमाड रोडची दशा सांगायला नको, विळदच्या घाटात ट्रकांच्या मागे रांगत जाताना कंबर सैल झाली. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर, आणि दोन्ही ऐकून माणसं बरोबर आपापल्या गाडीत चढतात. माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता, सतरा; तो कुठून आला ते सांगतो. राहुरीत छगनशेठ नावाचे अवजारांचे डीलर आहेत, त्यांच्याशी मामांची गाठ मीच घालून दिली होती. माणूस वाईट नाही, हे आधी सांगतो. त्यांनी पहिल्या हंगामात चाळीस यंत्रं उचलली. अट एकच, शेडपुढे फक्त यंत्रं दिसली पाहिजेत. "पुढं मोडक्या बाजा, पाळणे, असलं भंगार दिसलं की गिऱ्हाईक म्हनतं हा काय कंपनीवाला न्हाई," असं ते म्हणाले, आणि मी मान डोलावली, कारण तेच वाक्य माझ्या संदर्भग्रंथात बऱ्याच अवघड इंग्रजीत होतं. फरशी धुतली, हिरवा रंग आला, पाटी आली. वर्षभर मामा येणाऱ्याला हात जोडून परत पाठवत होते. वेळच नव्हता, चाळीस यंत्रं करायची म्हणजे गंमत आहे का? मी त्याच काळात शेवटची मुलाखत घेतली, भरभराट हा शब्द लिहिला आणि वही मिटली. अभ्यास संपला. मामांचं पुढे चालूच होतं, पण माझा अभ्यास संपला होता.

दुसऱ्या हंगामात छगनशेठच्या दुकानात टीव्हीएवढा स्क्रीन लागला. त्यावर पेरणी यंत्रांची यादी. बोटाने सरकवायची, शेजारी शेजारी लावून बघायची. कुणाचं किती फणांचं, म्हणजे एका वेळी किती ओळी पेरणारं, वॉरंटी किती, सर्व्हिस सेंटर कुठे, किती चांदण्या. पंजाबातली, गुजरातेतली, कोईमतूरची. मी सहज बघायला म्हणून गेलो होतो. खाली खाली सरकवत गेलो आणि शेवटी मामांचं यंत्र दिसलं. सतरावं. एकूण सतराच होती. छगनशेठ म्हणाले, "सर, मशीन लई दनकट हाय हो मामांचं. पन शेतकरी आता यादी बघतो." मी तिथे उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा माझा विषय समजून घेतला. मामा कुठल्याच यादीत नव्हते तेव्हा ते शेवटचे नव्हते. त्यांच्यासारखं दुसरं कुणी नव्हतंच, मग तुलना कुणाशी करणार? मी त्यांना नाव दिलं, रांगेत उभं केलं, आणि रांगेत गेल्याबरोबर त्यांचा नंबर लागला. विद्वानांनी हेही कुठेतरी लिहिलं असणार. मी तळटीप म्हणून सोडून दिलं असणार. त्या हंगामात मामांची तीन यंत्रं गेली. या हंगामात एकही नाही.

मग तुम्ही म्हणाल, एवढं कळलं होतं तर निबंध बदलायचा. बदलला होता. खरंच बदलला होता. मागच्या दिवाळीत मी सगळं नव्याने लिहून मॅडमना दिलं. अडचण विचारण्याची पद्धत, खडू, बनुबाईचं, यादी, सतरावं, सगळं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि प्रेमाने म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे नक्की काय आहे, आदिनाथ? संशोधन म्हणावं तर यात तुमचा जीव अडकलाय, आठवणी म्हणाव्या तर तक्ते आहेत. परीक्षक याला कुठे बसवणार?" मी हसलो. हसू दाबताच येईना. मॅडमना वाटलं मी दुखावलो, त्यांनी पाणी दिलं. आणि मग मी ते नवं लिखाण बाजूला ठेवलं आणि जुना निबंध पाठवून दिला. जुना नीट कप्प्यात बसत होता. मला माझी खुर्ची पाहिजे होती, यात लपवण्यासारखं काही नाही, माझं पोट त्यावर आहे. लाज मात्र वाटते. गाडी चालवताना, भाजी घेताना, कधीही अचानक वाटते.

शेडपाशी पोचलो तर पाटी जागेवर होती, हिरवी, ठसठशीत. 'कांदा पेरणी यंत्राचे उत्पादक.' खाली एक यंत्र, धूळ पुसून ठेवलेलं. फरशी लख्ख, तिच्यावर एक रेघ नाही. मामा बाजेवर बसले होते, रिकामे. रिकामे मामा मी कधी पाहिलेच नव्हते. त्यांचे हात मांडीवर असे ठेवलेले होते की ते दुसऱ्या कुणाचे असावेत. "ये, ये," म्हणाले. मी स्टँडशिवायची गाडी भिंतीला टेकवली. त्यांची नजर तडक खाली गेली, जिथून स्टँड सुटला होता तिथे. दोन बोटं चाळवली. मी वाट बघितली. देवाशपथ सांगतो, मी डोळ्यांत प्राण आणून वाट बघितली की आता म्हणतील, काय झालं रं, बघू. त्यांनी नजर काढून घेतली आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

चहा मामींनीच आणला, मामा हात धुवायला मागे गेले होते. मामी हळू आवाजात म्हणाल्या, "मागल्या आठवड्यात बनुबाई आल्ती. आता लईच वाकलीय. तिला न्हानीत धरून उठायला कायतरी पाहिजे हुतं. मला वाटलं बरं झालं, हातात काम येईल. तर हे तिला काय इचारावं? म्हनले, किती फनाचं पाहिजे? ती बिचारी हसली, तिला वाटलं मस्करी. ह्यांनी मस्करी केलीच नव्हती, आदिनाथ. तोंडातून तेच आलं. मग खडू घिऊन बसले, बसूनच राहिले. हात हलंना. ती म्हनली, जाऊ द्या दादा, परत येते. गेली." मामींनी पदराने नाक पुसलं. "तुजा राग न्हाई. पन तू शिकलेला हायेस, तूच सांग, मानसाच्या हातातून असं जातं का?" मी काय सांगणार? जातं, मामी. संस्था आपल्या कप्प्यासारखी होत जाते, तिचं बोलणंसुद्धा. हे मी आठ पानांत सिद्ध केलंय. मी म्हणालो, "येईल परत." किती हलकट वाक्य! मामी कप उचलून आत गेल्या.

मामा येऊन बसले. मी म्हणालो, "मामा, ती पाटी काढून टाका ना. पहिल्यासारखं करा. लोक येतील."

"काडली हुती की. चार दिवस खाली ठिवली हुती."

"मग?"

"लोक म्हनाया लागले, गोरक्षचं बंद पडलं. सोसायटीतून मानूस बघाया आला, आजारी हाय का काय म्हनून. मंग परत लावली." त्यांनी पाटीकडे बघितलं. "पाटी हाय तर ती वाचून परत जात्यात. न्हाई तर दुकानच मेलं म्हनत्यात. काय करावं ते मला सुदरंना बघ."

"माझं चुकलं, मामा." दोन वर्षं हे वाक्य घोकत होतो. प्रत्यक्षात ते इतकं बारीक निघालं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"खुळा हायेस. तू काय वाईट चिंतून केलं का? माजंबी मन झालंच हुतं की. मलाबी वाटलं, आपल्याला कुनीतरी म्हनावं, हे अमुक हायेत." ते हसले. "एक वरीस म्हनले लोक. बरं वाटायचं." त्यांनी मला शिवी दिली असती, गचांडी धरून बाहेर काढलं असतं तर मला किती सोपं झालं असतं. हा माणूस माझीच समजूत घालत होता आणि मी ती घालून घेत होतो. "तुजं काय काम हुतं? काल फोनवर कायतरी कागदाचं म्हनला हुता."

मी फॉर्म काढला. निबंध छापायला घेतलाय, त्याला तुमची सही लागते, असं सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. "माजं नाव येनार त्यात?"

"नाव नसतं छापत, मामा. नियम आहे. संस्था क म्हणतात."

"क." त्यांनी मान हलवली. "असू दे. तुजं तर येतंय न्हवं?" आणि न वाचता, गुडघ्यावर कागद ठेवून, जपून जपून सही केली. मग बोट त्या तीन चौकोनांवर गेलं. "हितं काय भरायचं?"

"दुकानाची आजची स्थिती. पहिल्या चौकोनावर खूण केली म्हणजे काम चालू आहे. हा शेवटचा, बंद."

"मग शेवटचा कर की. तीन महिनं झालं, होल्डर उचलला न्हाई."

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते. बाहेर उसाची एक ट्रॉली गेली, शेडचा पत्रा थरथरला. मामा माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाइकाची अडचण ऐकून घेताना बघायचे तसे, नीट, पापणी न हलवता.

"बंद लिवलं तर तुजा पेपर अडकंल का?"

खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं दुसरं काय करत होतो? पण त्या नजरेपुढे नाही जमलं. "हो," मी म्हणालो. "सगळाच अडकेल."

"आन् नोकरी?"

"तीपण."

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. कोपऱ्यातून लोखंडी अँगलचा एक लांब तुकडा ओढला, शिकंज्यात आवळला, ग्राइंडरची वायर लावली. "खोटं लिवू नको," ते म्हणाले. "मी काम करतो. मी काम करतोय तवर लिवून घे." आणि ग्राइंडर लोखंडाला लावला. किंचाळत ठिणग्यांचा फवारा उडाला, धुतलेल्या फरशीभर पसरला. आतून मामी धावत दारापर्यंत आल्या, मामांना बघून तिथेच थांबल्या, आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला. कुणाचं काम होतं ते? कुणाचंच नाही. माप नाही, खूण नाही, अडचण नाही. मामा नुसते कापत होते, वीतभर तुकडा पडला की पुढचा, चांगलं अख्खं लोखंड. पण त्यांची पाठ वाकली होती ती जुनी ओळखीची वाकली होती, आणि हात, ते मघाचे परके हात, ते पुन्हा त्यांचे झाले होते.

मी पहिल्या चौकोनावर खूण केली. फोटो काढला, पाठवला. दोन मिनिटांचं काम. पलीकडून लगेच पोच आली, अभिनंदन म्हणून.

ग्राइंडर थांबवून मामांनी घामेजलेलं तोंड वळवलं. "झालं का रं लिवून? थांबवू?"

"नाही अजून, मामा," मी फोन खिशात टाकत म्हणालो. "चालू द्या."

त्यांनी मान डोलावली आणि ढिगातून दुसरा अँगल ओढून घेतला.